आयबीडी रुग्णांची देखभाल सुधारायची तर: नोंदवहीपासून वॉर्डापर्यंत

एका रुग्णाची फाईल मला अजून आठवते. क्रोन्स असलेला तिशीतला माणूस. अकरा महिन्यांत त्याच्या फाईलला पाच चिठ्ठ्या लागल्या होत्या, चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरांत, आणि पाचही चिठ्ठ्यांवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड होतं. प्रत्येक चिठ्ठी त्या त्या दिवसापुरती बरोबर होती. पोट दुखत होतं, जुलाब वाढले होते, स्टिरॉइडने आराम पडणार होता आणि पडलाही. पण पाच चिठ्ठ्यांची बेरीज कुणीच केली नव्हती. ती झाली तेव्हा स्टिरॉइडने ठिसूळ झालेलं मणक्याचं हाड दबल्यामुळे तो वॉर्डात पडून होता.

आयबीडी म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स, आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे आजार. यात डॉक्टरांना औषध ठाऊक नसल्यामुळे रुग्णाचं नुकसान होताना मी क्वचितच पाहिलं. बहुतेक नुकसान दोन भेटींच्या मधल्या काळात होतं. तपासणीचा रिपोर्ट आला पण कुणी उघडला नाही, इंजेक्शनची तारीख टळली, आजार उफाळला तेव्हा फोन कुणाला करायचा हे रुग्णाला माहीत नव्हतं. नर्स म्हणून पाठपुराव्याचं काम करताना हीच मधली जागा भरून काढायचा आम्ही प्रयत्न केला. त्यातून जे कामाचं ठरलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मोठं रुग्णालय असो की एकाच डॉक्टरांचा दवाखाना, यातलं बरंचसं उद्यापासून सुरू करता येईल. रुग्ण आणि घरच्या मंडळींनीही वाचावं, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी मागून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

पायरी १: आधी यादी करा

आपल्याकडे आयबीडीचे किती रुग्ण आहेत, हा साधा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर अंदाजाने येत असेल तर पहिलं काम तेच. जे रुग्ण येतात ते दिसतात. जे यायचे थांबले त्यांची आठवण यादीशिवाय होत नाही, आणि त्यांच्यातच सगळ्यात जास्त धोक्याचे रुग्ण असतात.

यादी संगणकावर तक्त्यात करा किंवा जाड वहीत. सुरुवातीला रकाने थोडे ठेवा: नाव आणि फोन, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन, आजाराचा प्रकार, लक्षणं सुरू झाल्याचं वर्ष, आतड्याचा कुठला भाग धरला आहे, सध्याचं औषध आणि ते सुरू केल्याची तारीख, शेवटचं स्टिरॉइड कधी संपलं, शेवटची दुर्बीण तपासणी कधी झाली, पुढचा संपर्क कधी. आम्ही सुरुवातीला चाळीसेक रकाने आखले होते. दोन महिन्यांत ते कुणी भरेना, म्हणून सगळं पुसून इतकेच ठेवले. हे रकाने आजही भरले जातात.

यातला ‘पुढचा संपर्क’ हा रकाना कधीही रिकामा राहता कामा नये. आजार वर्षभर शांत असलेल्या माणसाच्या नावापुढेही तारीख हवी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कुणी तरी ही यादी वरपासून खालपर्यंत वाचायची आणि तारीख उलटून गेलेल्यांना फोन करायचा. शंभर नावं वाचायला अर्धा तास लागतो. आयबीडीच्या देखभालीत याहून स्वस्त आणि याहून गुणकारी अर्धा तास मला माहीत नाही.

पायरी २: निदान पक्कं आहे ना, ते एकदा नीट बघा

जुन्या फायलींमध्ये निदान पुढच्या पानावर उतरत जातं, पण त्यामागचा पुरावा मागेच राहतो. म्हणून यादीत नाव चढवताना दुर्बीण तपासणीचा आणि बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट शोधून लावा. जिथे क्षयरोग जास्त आढळतो तिथे आतड्यांचा क्षय आणि क्रोन्स यांची गल्लत सहज होते. क्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालं तर ते जिवावर बेततं. लहान आतड्याचा स्कॅन झाला आहे का, गुदद्वाराजवळ फिस्टुला (आतड्यातून त्वचेपर्यंत पडलेली वाट) आहे का, सांधे, डोळे, त्वचा, यकृत यांची तक्रार आहे का, हेही याच वेळी लिहून ठेवा.

पायरी ३: ‘बरं वाटतंय’ म्हणजे बरं झालं असं नाही

या आजाराचा सगळ्यात फसवा भाग हा. रुग्ण म्हणतो बरं आहे, वजन वाढलंय, कामावर जातोय. आत मात्र व्रण तसेच असू शकतात, विशेषतः क्रोन्समध्ये, आणि काही वर्षांनी आतडं अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. उलटही घडतं: व्रण भरलेले असतात, पण आतड्याच्या हळवेपणामुळे पोट दुखत राहतं, आणि गरज नसताना औषध वाढवलं जातं.

म्हणून प्रत्येक रुग्णाबरोबर उद्दिष्ट ठरवून घ्या आणि ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राइड-२’ या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी याचे टप्पे घालून दिले आहेत. आधी लक्षणांना उतार पडावा. मग सीआरपी हा रक्तातला दाहाचा आकडा नॉर्मल व्हावा आणि आतड्यातला दाह दाखवणारं शौचातलं कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम या टप्प्यात यावं. दूरचं उद्दिष्ट म्हणजे दुर्बिणीतून बघता आतड्याचं अस्तर भरून आलेलं असणं, रुग्णाचं रोजचं जगणं सुरळीत असणं, आणि मूल असेल तर त्याची वाढ नीट होणं.

तपासण्यांवर नजर ठेवून औषध बदलल्याने खरंच फरक पडतो का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काम’ (CALM) या अभ्यासात क्रोन्सच्या २४४ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात फक्त लक्षणं बघून औषध वाढवलं. दुसऱ्यात लक्षणांबरोबर सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिनही पाहिलं. ४८ आठवड्यांनंतर अस्तर भरून आलेले रुग्ण पहिल्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के होते. औषधं दोन्ही गटांत तीच होती. वेळीच बघितलं, एवढाच फरक.

रोजच्या कामात हे असं बसवता येतं. नवं औषध सुरू केलं की त्याच दिवशी पुढच्या कॅलप्रोटेक्टिनची तारीख यादीत घाला, साधारण तीन महिन्यांनंतरची. रुग्णाला नमुन्याची डबी आणि सूचनांचा कागद हातात देऊनच घरी पाठवा. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं की ती तपासणी होत नाही, हा अनुभव आहे. आणखी एक: सांधेदुखीची आयब्यूप्रोफेनसारखी औषधं आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या यांनी कॅलप्रोटेक्टिन वाढू शकतं, आणि आतड्याचा जंतुसंसर्ग असेल तरी वाढतं. आकडा वाढलेला दिसला की आधी ‘गेल्या पंधरवड्यात दुसरं काही औषध घेतलं का?’ हे विचारा.

पायरी ४: स्टिरॉइडचा हिशेब स्वतंत्र ठेवा

मणक्याचं हाड दबलेल्या त्या रुग्णानंतर आम्ही प्रत्येक फाईलच्या आतल्या कव्हरवर रंगीत कागद चिकटवला. त्यावर फक्त स्टिरॉइड: कधी सुरू केलं, किती मिलिग्रॅमने, कुणी, का, आणि कधी संपलं. चिठ्ठी कुणीही लिहो, या कागदावर ओळ चढल्याशिवाय ती रुग्णाच्या हातात जायची नाही. दुसऱ्या दवाखान्यातून घेतलेलं स्टिरॉइडही इथेच नोंदवायचं, रुग्णाला रागावून न बोलता.

कागदावर वर्षभरात दुसरी ओळ आली की ती धोक्याची घंटा समजा. रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून झाला आहे का, हे ओळखायची रूढ व्याख्या सोपी आहे. सुरू केल्यापासून ३ महिन्यांत प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नाही, किंवा बंद केल्यावर ३ महिन्यांच्या आत आजार पुन्हा उफाळतो. यांपैकी काहीही झालं तर पुन्हा तीच चिठ्ठी लिहू नका. आजार ताब्यात ठेवणारं दुसरं औषध सुरू करायचं किंवा चालू असलेलं बदलायचं, यावर त्याच भेटीत निर्णय झाला पाहिजे. स्टिरॉइड आग विझवतं. पण ते आजार शांत ठेवत नाही आणि क्रोन्सचे व्रण भरून काढण्यात कमी पडतं.

स्टिरॉइड लिहितानाच चार गोष्टी जोडून द्या: कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, डोस कमी करण्याचं आठवडानिहाय लेखी वेळापत्रक, साखर आणि रक्तदाब बघण्याची तारीख, आणि अचानक बंद न करण्याची ताकीद. वेळापत्रक तोंडी सांगू नका. ‘दर आठवड्याला पाच कमी करा’ हे वाक्य दारातून बाहेर पडेपर्यंत ‘पाच दिवसांनी बंद करा’ असं झालेलं मी ऐकलं आहे.

परिणामकारक औषध लवकर सुरू करण्याच्या बाजूचा पुरावाही आता भक्कम आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोफाइल’ या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना एका गटात सुरुवातीपासूनच इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं दाह रोखणारं औषध आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे पायरी-पायरीने उपचार वाढवले. वर्षाच्या शेवटी स्टिरॉइडशिवाय आणि शस्त्रक्रियेशिवाय आजार शांत असणारे पहिल्या गटात ७९ टक्के होते, दुसऱ्यात १५ टक्के. प्रत्येकाला हे औषध परवडेल किंवा मिळेल असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘आधी स्टिरॉइड देऊन बघू, मग पुढचं पुढे’ ही सवय मोडायला हे आकडे पुरेसे आहेत.

पायरी ५: आजार उफाळला की कुणाला फोन करायचा

रुग्णाला विचारा, ‘आज रात्री रक्त पडायला लागलं तर काय कराल?’ ‘अपॉइंटमेंटची वाट बघेन’ असं उत्तर आलं, तर तुमच्या व्यवस्थेत भोक आहे. एक फोन नंबर द्या, कामाच्या दिवशी ठरावीक वेळेत उचलला जाणारा, आणि निरोप ठेवला तर पुढच्या कामाच्या दिवसाअखेर उत्तर देणारा. नंबर मोठ्या आकड्यांत छापून फाईलच्या कव्हरवर लावा.

फोनवर काय विचारायचं ते एका पानावर लिहून टेबलावर ठेवा, म्हणजे फोन कुणीही घेतला तरी प्रश्न तेच राहतील. चोवीस तासांत किती वेळा संडासला जावं लागलं? त्यातल्या किती वेळा रक्त होतं? रात्री झोपेतून उठावं लागतंय का? ताप, उलटी, पोट फुगणं? औषध नेमकं कधीपासून चुकलं? अलीकडे अँटिबायोटिक किंवा दुखण्याची गोळी घेतली का? घरात आणखी कुणाला जुलाब आहेत का?

एक फोन सांगते. पलीकडून एक बाई म्हणाल्या, ‘सिस्टर, विशेष काही नाही, थोडं पोट बिघडलंय.’ मी विचारलं, ‘कालपासून किती वेळा?’ त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘मोजलं नाही हो. पण रात्री बाथरूमच्या बाहेरच चटई टाकून झोपले.’ मी नाडी मोजायला सांगितली, घड्याळ धरून, पूर्ण मिनिटभर. ११२ भरली. त्या त्याच दुपारी भरती झाल्या. ‘कशी आहे तब्येत?’ एवढंच विचारून फोन ठेवला असता, तर ‘थोडं पोट बिघडलंय’ हीच नोंद राहिली असती. शौचाबद्दल बोलायला माणसं लाजतात, म्हणून आकडा आपणच मागायचा.

मग उत्तरांप्रमाणे तीन वाटा. दिवसाला रक्ताच्या ६ किंवा अधिक संडास आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (रक्तातला दाहाचा आणखी एक आकडा) ३० च्या वर यांपैकी एक जरी असेल, तर तो तीव्र कोलायटिस, त्याच दिवशी भरती. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स यांनी घालून दिलेले हे निकष आजही वापरात आहेत आणि त्यांतले बरेचसे फोनवर विचारता येतात. क्रोन्समध्ये तीव्र पोटदुखी, उलट्या आणि वायू सरणं बंद होणं, किंवा गुदद्वाराजवळ दुखरी गाठ आणि ताप, हीसुद्धा त्याच दिवशी भरतीची लक्षणं. त्याहून सौम्य असेल तर दोन-तीन दिवसांत भेट, आणि त्याआधी रक्त, कॅलप्रोटेक्टिन व शौचाची जंतुतपासणी. तिच्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचाही शोध घ्यायलाच हवा. आजार उफाळला असं वाटतं तेव्हा तो वेगळा संसर्ग असण्याची शक्यता दर वेळी असते. तिसरी वाट, औषध चुकल्यामुळे झालेला सौम्य त्रास. तिथे औषध पुन्हा नीट सुरू करून तीन दिवसांनी आपण स्वतः फोन करायचा.

फोन आणि ॲपच्या साहाय्याने केलेला पाठपुरावा सुरक्षित आहे का, अशी शंका सहकारी घेतात. नेदरलँड्समधल्या ४ रुग्णालयांत ९०९ रुग्णांवर वर्षभर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरून लक्षणं कळवणाऱ्या गटाच्या बाह्यरुग्ण भेटी सरासरी १.५५ झाल्या, नेहमीच्या पद्धतीच्या गटाच्या २.३४, आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही नेहमीच्या गटापेक्षा निम्मं राहिलं. स्थिर रुग्णांच्या भेटी कमी झाल्या की आजार उफाळलेल्या रुग्णाला लवकर जागा देता येते, आणि फोनच्या व्यवस्थेचा खरा फायदा तिथे दिसतो.

पायरी ६: मोठं औषध सुरू करण्याआधीची तपासयादी

मोठं औषध म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं. त्याआधीची ही यादी निदान झाल्यावर लगेच पूर्ण करून ठेवावी. आजार उफाळल्यावर धावपळ करून केलेल्या तपासण्यांत काही ना काही राहून जातं.

- क्षयरोग: छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा चाचणी. स्टिरॉइड चालू असताना इग्रा खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती आधीच.
- हिपॅटायटिस बी: पृष्ठभाग अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, दोन्ही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही.
- कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, नसतील तर रक्तातली प्रतिकारशक्ती.
- लसी: फ्लू, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही, नागिणीची निष्क्रिय प्रकारची लस. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झाल्यावर देता येत नाहीत, म्हणून लागणार असतील तर आधी, आणि तेही आजार थांबायला वेळ देत असेल तरच.
- ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं असेल तर टीपीएमटी आणि शक्य असेल तिथे एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी. या जनुकांत दोष असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी हे औषध घेतल्यावर अचानक घसरू शकतात. औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत रक्त वारंवार, नंतर दर ३ महिन्यांनी. गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल घेत असतील तर ते आधी विचारा, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात.
- मेसालामिन (कोलायटिसमधला दाह कमी करणारं औषध) चालू असेल तर वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी.

इन्फ्लिक्सिमॅबचे पहिले तीन डोस ०, २ आणि ६ व्या आठवड्यात, पुढे दर ८ आठवड्यांनी. मध्ये मोठा खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, औषध लागू पडेनासं होतं आणि पुन्हा देताना ॲलर्जीची भीती वाढते. म्हणून परवानगी किंवा पैशांचे कागद पुढच्या डोसच्या महिनाभर आधी हलवायला घ्या. यादीत डोसच्या तारखेशेजारी ‘कागद’ असा वेगळा रकाना ठेवल्यापासून आमच्याकडचे टळलेले डोस जवळजवळ थांबले.

पायरी ७: औषध कसं घ्यायचं ते हाताने शिकवा

गुदमार्गाने द्यायच्या औषधांची आबाळ होते. गुदाशयापुरत्या कोलायटिसमध्ये मेसालामिनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची गोळी) तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याच्या आजारात गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा जास्त काम करतात. तरी हे औषध घरी कपाटात पडून राहतं, कारण ते कसं वापरायचं हे कुणी दाखवलेलंच नसतं. रुग्ण लाजतो आणि आपण घाईत असतो.

दहा मिनिटं काढा. रात्री झोपण्याआधी, शौचाला जाऊन आल्यावर. एनिमाची बाटली काही मिनिटं हातांत धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करायची, थंड एनिमा लगेच कळ आणतो. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. नळीच्या टोकाला वंगण. बाटली सावकाश दाबायची. मग त्याच कुशीवर निदान अर्धा तास. पहिल्या काही रात्री औषध आत राहत नाही, दाह असलेला गुदाशय काही धरून ठेवत नाही, हे आधीच सांगा. नाही तर रुग्ण दुसऱ्याच रात्री हार मानतो. कपड्यांना डाग पडतात, म्हणून जुनी चादर घाला, हेही सांगा.

गोळ्यांचंही असंच. बहुतेक रुग्णांना मेसालामिन दिवसातून एकदाच घेऊन चालतं आणि गुण तितकाच येतो. दिवसातून तीनदा लिहिलेल्या गोळ्या चुकतात, तेव्हा चिठ्ठीच सोपी करून बघा.

पायरी ८: वॉर्डातले पहिले पाच दिवस

तीव्र कोलायटिसचा रुग्ण भरती झाला की तासातासाला महत्त्व येतं. पहिल्या दिवशीच्या गोष्टी एका छापील पानावर असाव्यात: शौचाची जंतुतपासणी, पोटाचा साधा एक्स-रे, शिरेतून स्टिरॉइड, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन, क्षार भरून काढणं, आणि आतडं पूर्ण साफ न करता खालच्या भागाची दुर्बीण तपासणी, सीएमव्ही विषाणूसाठी बायॉप्सीसह. हेपॅरिन बघून नवी नर्स थबकते, ‘रक्त पडतंय आणि वर हेपॅरिन?’ हो. दाह भडकलेला असताना शिरांत गुठळी होण्याचा धोका खूप वाढतो आणि ती गुठळी जीव घेऊ शकते. अफूजन्य वेदनाशामक आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मात्र टाळायच्या.

खाटेच्या पायथ्याशी शौचाचा तक्ता लावा: वेळ, रक्त आहे की नाही, पातळ की घट्ट. हा तक्ता नीट भरला नाही तर तिसऱ्या दिवशीचा निर्णय चुकतो. तिसऱ्या दिवशी ८ पेक्षा जास्त संडास, किंवा ३ ते ८ संडास आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर नुसत्या स्टिरॉइडवर त्याच भरतीत मोठं आतडं काढावं लागण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरांनी १९९६ साली मांडलेला हा ठोकताळा आहे. अशा वेळी आणखी ‘एक दिवस बघू’ म्हणायचं नाही. इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाही तर शस्त्रक्रिया, हे त्याच दिवशी ठरायला हवं. म्हणूनच शल्यचिकित्सकांनी पहिल्या दिवसापासून रुग्णाला भेटलेलं असावं आणि स्टोमाची, म्हणजे पोटावरच्या पिशवीची काळजी शिकवणारी, नर्सही. पोटावर पिशवी लागेल हे वाक्य आणीबाणीच्या रात्री अनोळखी माणसाकडून ऐकणं फार क्रूर असतं.

घरी जाताना फोन नंबर, स्टिरॉइडचं वेळापत्रक, पुढच्या औषधाची तारीख आणि आठवड्याभरात एक फोन.

पायरी ९: वार्षिक भेट, आतड्यापलीकडची

वर्षातून एकदा, आजार शांत असताना, थोडी निवांत भेट ठेवा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. दाह नसेल तर फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता, दाह असेल तर १०० पर्यंतसुद्धा कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल किंवा आजार पेटलेला असेल तर लोह शिरेतून द्यावं. लहान आतड्याचं टोक काढलं असेल तर बी१२. स्टिरॉइडचा कागद भरलेला असेल तर हाडांची घनता. क्रोन्सचा रुग्ण धूम्रपान करत असेल तर ते सोडवण्यासाठी खरी मदत मिळवून द्या. ते सोडल्याने जेवढा फायदा होतो तेवढा काही औषधांनीही होत नाही.

लक्षणं सुरू होऊन ८ वर्षं झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी नियमित दुर्बीण तपासणी सुरू करायची, धोक्याप्रमाणे दर १ ते ५ वर्षांनी. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर याची गरज नसते. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर निदानापासूनच दर वर्षी. यादीत ‘लक्षणं सुरू झाल्याचं वर्ष’ का ठेवायचं ते इथे कळतं.

मूल हवं आहे का, हा प्रश्न स्त्रियांना आणि पुरुषांनाही विचारा. आजार शांत असताना गर्भ राहिला तर गर्भारपण बहुधा सुखरूप जातं. भीतीपोटी औषध बंद केल्याने जास्त नुकसान होतं. अपवाद मेथोट्रेक्सेट: गर्भाला घातक असल्याने स्त्रियांनी ते निदान ३ महिने आधी थांबवायचं.

आणि विचारा, ‘झोप लागते का? घराबाहेर जायची भीती वाटते का?’ नैराश्य आणि चिंता या रुग्णांत जास्त आढळतात. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी वाटेतली स्वच्छतागृहं मनात मोजणाऱ्या माणसाचा थकवा रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. समुपदेशकाचं नाव आणि वेळ आपल्याकडे तयार असेल तरच हा प्रश्न विचारणं खरं.

पायरी १०: मोजा, पण थोडंच

ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तीन बाजूंनी बघायला शिकवलं: व्यवस्था काय आहे, काम कसं होतं, आणि रुग्णाचं शेवटी काय झालं. तिन्हीतून एकेक माप घ्या. आमची तीन मापं: फोनला पुढच्या कामाच्या दिवसाअखेर उत्तर मिळालेल्यांचं प्रमाण, वर्षात स्टिरॉइडचे दोन किंवा जास्त कोर्स झालेल्यांचं प्रमाण, आणि स्टिरॉइडशिवाय आजार शांत असलेल्यांचं प्रमाण. दर महिन्याला भिंतीवरच्या आलेखात एक ठिपका. एका महिन्याचा ठिपका वरखाली झाला म्हणून घाबरायचं नाही, सलग सहा-सात ठिपके एकाच बाजूला सरकले तर काही तरी खरंच बदललं.

सुधारणा एकदम सगळ्यांवर लादू नका. स्टिरॉइडचा रंगीत कागद आम्ही आधी एकाच ओपीडीत, दहा फायलींवर लावून पाहिला. तेव्हा कळलं की तो शेवटच्या पानावर कुणी बघत नाही, म्हणून आतल्या कव्हरवर आला. ठरवा, करून बघा, तपासा, बदला, आणि मगच पसरवा. अमेरिकेत मुलांच्या आयबीडीसाठी २००७ मध्ये सुरू झालेलं ‘इम्प्रूव्ह केअर नाऊ’ हे जाळं याच पद्धतीने केंद्राकेंद्रांतले आकडे शेजारी ठेवून शिकत आलं आहे, आणि तिथे आई-वडीलही बैठकीत बसतात. आमच्याही बैठकीत एक रुग्ण असतो. फोन नंबर मोठ्या आकड्यांत छापा, ही सूचना अशाच एका आजोबांची.

शेवटचं, जे बहुतेक जण विसरतात: यादी आणि फोन सांभाळणारी व्यक्ती रजेवर गेली की काय? आमच्याकडे पहिल्याच वर्षी मी दोन आठवडे आजारी पडले आणि एकवीस निरोप तसेच पडून राहिले. त्यातले दोघे पुढे भरती झाले. आता यादीच्या पहिल्या पानावर दोन नावं असतात, आणि दुसरं नाव असलेली सहकारी दर शुक्रवारी, मी हजर असतानाही, यादी स्वतः वाचते.